खडूसला दिलेला ताण

“आजपासून ह्यांना ताण द्यायचाय,” असं म्हणून कलमवाल्यांनी आठव्या कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक ओढलं, बुंध्याभोवती सुतळी आवळली आणि उठायला गेले, तर कंबरच उठेना.

“द्या की,” आतून बायको म्हणाली. “मला आणि बाबांना देऊन उरलेला कुंड्यांना द्या.”

फळझाडांच्या धंद्यात ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. झाडाला पाणी द्यायचं नाही, ते काय करतं ते बघत बसायचं. हे बायकोला ठाऊक नव्हतं असं नाही. एवढी वर्षं कलमवाल्यांशी संसार करून तिला फळझाडांविषयी नको तितकं ठाऊक झालं होतं. ती दवाखान्यात नर्स होती आणि ‘ताण’ हा शब्द दिवसभर रोग्यांच्या तोंडून ऐकून घरी यायची. घरी आली की तोच शब्द गॅलरीत.

कलमवाले फळसंशोधन केंद्रात कलमं बांधायचे, म्हणून अख्ख्या गल्लीत ते कलमवाले. एकदा एक गृहस्थ त्यांच्याकडे मोडकं पेन दुरुस्तीला घेऊन आले होते. शेजारच्या गॅलरीतल्या सलूनवाल्यांनी तर भाडेकरूला हुसकायचं तर कुठलं कलम लावतात, तेच विचारलं होतं. कलमवाल्यांनी दोघांनाही बसवून घेऊन झाडाचं कलम समजावून सांगितलं. पेनवाले गृहस्थ पेन न घेताच गेले.

तर ह्या कलमवाल्यांचा जीव एका झाडात अडकला होता. केंद्राच्या फाटकाशी एक रानलिंबू उभं होतं. कुणी लावलं, कधी लावलं, कुणाला पत्ता नाही. अंगभर काटे. फळ असं आंबट की कावळासुद्धा एकदा चोच मारून परत त्या फांदीवर बसायचा नाही. केंद्रात त्याला सगळे ‘खडूस’ म्हणत. पण उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, औषधपाणी करून वाढवलेल्या लाडक्या बागांच्या काड्या व्हायच्या, आणि हा खडूस फाटकाशी हिरवागार! ना पाणी, ना खत, ना कुणी कधी विचारपूस केलेली. कलमवाले रोज कामावर येताना त्याच्यासमोर क्षणभर थांबायचे, एखाद्या थोर माणसासमोर थांबावं तसे. “आणतोस कुठून रे?” असं हळूच विचारायचे. खडूस कसला सांगतोय!

मग कलमवाल्यांनी त्याच्या बिया रुजवल्या आणि त्या रोपांवर गोड संत्र्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, भरले. खालचं मूळ खडूसचं, त्याला खुंट म्हणतात. वरची फांदी संत्र्याची. खालचा चिवट, वरचा गोड. संसारही असाच चालतो, असं कलमवाल्यांचं मत होतं. त्यात खालचं कोण आणि वरचं कोण, हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना केंद्रात बांधकामसाहेब आले. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असायची आणि मोकळी जमीन दिसली की त्यांचा हात खिशाकडे जायचा. फाटकाशी गाड्या उभ्या करायला फरशी घालायची, त्यासाठी खडूस पाडायचा, असं त्यांनी ठरवलं. कलमवाले धावत केंद्राच्या मोठ्या बाईंकडे गेले.

“बाई, त्याच्यासारखा खुंट शोधून सापडायचा नाही!”

“असं सगळेच म्हणतात आपापल्या झाडाबद्दल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “दाखवा. चार कलमं आपल्या नेहमीच्या खुंटावर घ्या, चार तुमच्या खडूसच्या. पाणी तोडा. नेहमीची वाळली आणि खडूसची टिकली, तर झाड राहील. फरक दिसला नाही, तर मी बांधकामसाहेबांना अडवणार नाही.”

केंद्रात अशा चाचण्यांसाठी ‘कोरडी खोली’ होती. पण तिच्या डोक्यावरची टाकी गळत असल्यामुळे अख्ख्या केंद्रात तिच्याइतकी ओली जागा दुसरी नव्हती. म्हणून कुंड्या कलमवाल्यांच्या गॅलरीत आल्या. महिनाभर पाणी घालून त्यांचं बस्तान बसवलं, आणि मग तो ताण सुरू झाला.

चाचणी निःपक्षपाती हवी, म्हणून कुठली कुंडी कुठल्या खुंटाची हे कलमवाल्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. कुंड्या उलटसुलट लावल्या होत्या आणि खूण म्हणून फक्त बुडाला रंगाचा ठिपका होता, नेहमीच्याला पांढरा, खडूसच्याला तांबडा. जेवताना त्यांनी एवढंच बजावलं, “थेंबही घालायचा नाही. फाटकाजवळच्या झाडाचं आयुष्य आता ह्या रोपांवर आहे.”

झालं! ह्या वाक्यानेच घात केला. वडील आणि बायको, दोघांनीही त्याचा सरळ अर्थ घेतला, की ही रोपं जगली तर ते झाड जगणार. चार वाळायलाच हवीत, हे सांगायचं राहूनच गेलं. तेवढंच तर महत्त्वाचं होतं!

काही दिवस गेले आणि एका सकाळी चार कुंड्यांमधली पानं वळली, शेंडे खाली आले. बाकीच्या चार जशाच्या तशा! कलमवाले गॅलरीत उभेच राहिले. एकाच मापाच्या कुंड्या, एकच माती, तेच ऊन, वरचं संत्रंही एकाच झाडाचं. आणि नजरेआड, मातीच्या पोटात, खडूसच्या मुळांचं काय चाललंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यांना गहिवरून आलं. डोळे पाण्याने डबडबले.

चहा घेऊन आलेल्या बायकोने ते डोळे पाहिले, मग माना टाकलेली रोपं पाहिली.

“अहो, रडताय काय?”

“काही नाही,” कलमवाले नाक ओढत म्हणाले. “तुला नाही कळायचं.” आणि आनंदाने कामावर गेले.

बायकोला सगळं कळलं. नवरा शब्दाचा पक्का, जीव गेला तरी पाणी घालणार नाही. आणि रोपं मेली तर अंथरूण धरेल. डोळ्यांदेखत रोगी मान टाकतोय आणि नर्सने बघत बसायचं? तिने दवाखान्याच्या पिशवीतून नवी कोरी सिरिंज काढली, प्लास्टिकला सुई टोचली आणि चारही मलूल कुंड्यांना पाणी दिलं. सुईचं भोक दिसतंय कुणाला?

दुपारी ती कामावर गेल्यावर वडील गॅलरीत आले. ते जुने शिंपी. सुतळीची गाठ त्यांनी बघून ठेवली, सोडली, मलूल दिसणाऱ्या रोपांच्या मुळाशी तांब्याने पाणी घातलं आणि गाठ होती तशी पुन्हा मारली. “पोराचं एक सोडा,” ते रोपांना म्हणाले, “तो लहानपणी अंगरख्याला बटणं लावू द्यायचा नाही. हट्टी आहे.”

संध्याकाळी सलून बंद करून सलूनवाले आपल्या गॅलरीत आले. त्यांच्या हाताला फवाऱ्याची सवय. समोर कुणी मान खाली घालून बसलं की तो हात थांबत नाही. मधल्या कठड्यावरून त्यांनी त्याच चार रोपांवर मनसोक्त फवारा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही रोपं ताठ.

कलमवाल्यांनी डोळे चोळले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग भिंतीला टेकून खाली बसले.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“सगळी हिरवी आहेत,” ते मेल्या आवाजात म्हणाले.

‘सगळी’ म्हणताना ह्यांचा आवाज असा का, हे बायकोला कळेना. रात्रभर काळजी केली असणार, असं समजून तिने त्या दिवशी पाणी थोडं वाढवलं.

आणि मग हे चक्र सुरू झालं. रोपं ताठ दिसली की कलमवाल्यांची मान पडायची. कलमवाल्यांची मान पडली की घरचे रोपांना आणखी पाणी घालायचे. मध्येच एखाद्या दिवशी तिघांनाही उशीर झाला आणि ती चार रोपं जरा कोमेजली, की कलमवाल्यांचा चेहरा उजळायचा. पण ते आनंदाने गॅलरीत डोळे टिपायचे आणि ते बघून घरात पुन्हा सिरिंज भरली जायची. तिघांपैकी कुणाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पुण्याचं काम गुपचूप करावं, असं तिघांनाही लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं.

कलमवाल्यांनी कुंड्यांना हात लावला असता तर ओल तेव्हाच कळली असती. पण निकालापर्यंत हात लावायचा नाही, अशी त्यांनी स्वतःलाच शपथ घातली होती. त्यांचं जेवण कमी झालं. नेहमीचा खुंटसुद्धा इतका चिवट? मग खडूसचं मोठेपण कशात? इतकी वर्षं आपण रोज सकाळी एका सामान्य झाडासमोर उभे राहत होतो? सगळ्यात वाईट म्हणजे आता फाटकातून जाताना ते खडूसकडे बघायचं टाळायला लागले. मान वळवून, गडबडीत असल्यासारखं दाखवून, आत जायचे. खडूस आपला उभा, हिरवागार.

पाहणीच्या दिवशी मोठ्या बाई आणि बांधकामसाहेब घरी आले. बांधकामसाहेबांनी बूट काढले, मोजपट्टी मात्र काढली नाही. गॅलरीत आठही रोपं डुलत होती.

“मोजायलाही नको,” बांधकामसाहेब खुशीत म्हणाले. “आठपैकी आठ हिरवी. म्हणजे तुमच्या झाडात विशेष काही नाही.”

मोठ्या बाईंनी कलमवाल्यांकडे पाहिलं. “काय म्हणणं आहे?”

“काही नाही, बाई. फरक नाही. माझीच चूक झाली.” एवढं बोलून कलमवाले खाली फरशीकडे बघत राहिले.

“मग सोमवारी झाड पाडतो,” बांधकामसाहेब म्हणाले.

“पाडतो?” दारात उभे असलेले वडील पुढे सरसावले. “अहो, जगली ना सगळी? मग पाडता कसले? एवढं मर मर मरून पाणी घातलं ते काय झाड पाडायला?”

कलमवाल्यांनी फरशीवरची नजर वर केली.

“बाबा,” कलमवाले म्हणाले, “तुम्ही पाणी घातलं?”

“बाबा, तुम्हीपण?” बायको म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“तुम्हीपण म्हणजे?”

“थोडंसंच हो. सुईने.”

पलीकडच्या गॅलरीतून खाकरण्याचा आवाज आला. “आता विषय निघालाच आहे,” सलूनवाले म्हणाले, “तर फवारा माझा.”

कलमवाल्यांना हसावं की रडावं ते कळेना. खडूसचा पराभव झाला नव्हता, हे कळून त्यांच्या जिवात जीव आला. पण चाचणीचा बट्ट्याबोळ झाला होता, हे कळून तो परत गेला. “अरे, तुम्ही माझ्या झाडाच्या मुळावर उठलात!” ते ओरडले. “आता मी काय दाखवू? पाणी घातलेलं झाड हिरवं राहतं, हे?”

“तेच म्हणतोय मी,” बांधकामसाहेब म्हणाले. “चाचणी बाद. सोमवारी...”

“थांबा,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या आत्तापर्यंत रोपांकडे नव्हे, माणसांकडे बघत होत्या. “आजोबा, तुम्ही आठही कुंड्यांना पाणी घातलंत?”

“आठही कशाला? ज्यांना हवं होतं त्यांना.”

“बोलू नका. आत जाऊन बसा. एकेक जण या आणि फक्त बोट दाखवा.”

वडील आत गेले. बायको आली. तिने चार कुंड्यांवर बोट ठेवलं. ती आत गेली, वडील आले. त्यांनी बोटाने चार दाखवल्या. सलूनवाल्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्यांना वळायला सांगितलं, तर त्यांनी खिशातून कंगवा काढून कंगव्याने दाखवल्या.

त्याच चार. तिघांच्या त्याच चार!

“आणि ह्या बाकीच्यांना का नाही घातलं?” बाईंनी विचारलं.

“त्यांना कशाला?” बायको म्हणाली. “त्यांना काय धाड भरलीय? पहिल्या दिवसापासून हसतायत.”

मोठ्या बाईंचा आवाज आता बदलला होता. “कलमवाले, बुडं दाखवा.”

कलमवाल्यांनी बायकोच्या चारपैकी पहिली कुंडी उचलली. ओली, जड. बुडाला पांढरा ठिपका. दुसरी, पांढरा. तिसरी, चौथी, पांढराच. मग ते दुसऱ्या चौघींकडे वळले. पहिली उचलली आणि तोल जाऊन मागेच पडता पडता वाचले, इतकी ती हलकी होती. आतली माती भुसा झाली होती. बुडाला तांबडा ठिपका आणि वर पानं अशी, की नुकतीच धुऊन पुसून ठेवलीयत. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

वडिलांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “ह्याला म्हणतात पोटात ठेवणं,” ते हळूच म्हणाले.

कलमवाले शेवटची कुंडी उचलायला वाकले. ती हलेना. पुन्हा जोर लावला. हलेना.

“कंबर का?” बायकोने विचारलं.

“कंबर नाही. कुंडीच.”

बांधकामसाहेब पुढे झाले. “सरका, तुम्हाला धरता येत नाही,” म्हणून त्यांनी दोन्ही हात घातले, दात आवळले, लालबुंद झाले आणि शेवटी गुडघ्यांवर बसून कुंडीखाली वाकून बघायला लागले. बघता बघता त्यांचा गाल फरशीला टेकला. बराच वेळ ते वर आलेच नाहीत.

“साहेब?” बाई म्हणाल्या.

“मूळ आहे,” खालून आवाज आला. “बुडाच्या भोकातून बाहेर आलंय. फरशीच्या सांध्यात शिरलंय.” ते रांगत पुढे सरकले. सगळे त्यांच्यामागे वाकले. दोन फरशांच्या फटीतून, जिथे नखसुद्धा जाणार नाही अशा जागेतून, तपकिरी दोऱ्यासारखं मूळ सरळ रेषेत भिंतीपर्यंत गेलं होतं आणि तिथून न्हाणीघराच्या नळीत उतरलं होतं. नळीच्या तोंडाशी ते बोटाएवढं जाड होतं.

“बघा!” बांधकामसाहेबांना एकदम आठवण झाली. “हिला पाणी मिळत होतं! चोरून!”

“चोरून नाही, शोधून,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ह्या तिघींना काहीही मिळालं नाही आणि त्या तग धरून राहिल्या. ही चौथी उठून पाणी बघायला गेली. आणि तोंडाने चकार शब्द नाही. कलमवाले, तुमचा खडूस आणतो कुठून, ते कळलं का?”

कलमवाल्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते. ह्या खेपेला बायकोने सिरिंज आणली नाही, पदर दिला.

पण खरी गंमत बांधकामसाहेबांची झाली. ते अजून फरशीवरच बसले होते. त्यांनी नखाने सांधा खरवडून पाहिला, बोटाने ठोकून पाहिला. “ह्यात सिमेंट आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. “चांगलं आहे. ह्यात पहार घालायची तर माणसाच्या हाताला फोड येतात. आणि हे...” त्यांनी ते बोटभर मूळ अलगद चाचपलं. “हे एवढंसं, ओलं, मऊ. असं कसं गेलं हो?” असा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नसावा. मोजपट्टी कधी खाली ठेवली, तेही त्यांना कळलं नाही.

“झाड राहील,” बाईंनी निकाल दिला. “गाड्या फाटकाच्या पलीकडच्या बाजूला. आणि हे मूळ न तोडता मला अख्खं हवंय. त्यासाठी गॅलरी उखडावी लागेल. साहेब, उखडण्यातलं तुम्हाला जास्त कळतं.”

“माझी फरशी!” बायको म्हणाली, पण तिच्या आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता.

“तोपर्यंत ताण चालू राहील,” बाई कडक आवाजात पुढे म्हणाल्या. “नळीकडे जाणारं न्हाणीघराचं पाणी बंद. ह्या चौघींना कुणी थेंबही घालायचा नाही. आजोबा, सूनबाई, सलूनवाले, कळलं?”

तिघांनीही माना डोलावल्या आणि शब्द पाळला. दोघांनी गॅलरीत पाऊल टाकलं नाही. सलूनवाल्यांनी फवारा घरी आणणं बंद केलं.

झाड पाडायला निघालेले बांधकामसाहेब मात्र रोज संध्याकाळी छोटी छिन्नी घेऊन यायचे आणि पालथे पडून फरशी फोडायचे. मजुराला हात लावू देत नव्हते. “हलक्या हाताने करावं लागतं,” म्हणायचे. एक सांधा मोकळा झाला की कलमवाल्यांना हाक मारून दाखवायचे, “हे बघा, इथे ते वळलंय! पुढे खडा होता, त्याला लांबूनच कळलं असणार!” कलमवालेही शेजारी पालथे पडायचे. दोघं मोठी माणसं फरशीला गाल लावून तासन्‌तास त्या मुळाकडे बघत असायची.

चौथ्या कुंडीचं पाणी तुटलं होतं. एका संध्याकाळी कलमवाले कामावरून लवकर आले, तर तिचा शेंडा पहिल्यांदाच किंचित खाली आलेला, अगदी किंचित. आणि गॅलरीत बांधकामसाहेब पाठमोरे बसलेले. कलमवाल्यांच्या बायकोने त्यांना प्यायला दिलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातात होता, आणि तो पेला हळूहळू कुंडीवर कलत होता.

“साहेब!” कलमवाले ओरडले.

बांधकामसाहेब दचकले. पेला छातीशी धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“काही नाही हो,” ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. “धूळ फार उडतेय. खाली बसवतोय.”

कलमवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, मोठ्या बाईंची ताकीद आठवली. मग ते बाहेर गेले आणि दार हळूच लोटून घेतलं.